सरळ ग्रूव्हमध्ये मोडणारं टूल

भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून फोन आला तेव्हा तिथे धातू कापणाऱ्या तीन कार्बाइड एंडमिल मोडून झाल्या होत्या. चौथी लावायची की नाही, यावर शेठ आणि ऑपरेटर यांचं जुंपलेलं. मी पोस्ट प्रोसेसर (थोडक्यात पोस्ट: कॉम्प्युटरवर काढलेला टूलचा मार्ग मशीनच्या कोडमध्ये उतरवणारा प्रोग्राम) लिहितो, टूल विकत नाही. त्यामुळे अशा वेळी सहसा मला कोणी बोलावत नाही. पण तिथल्या प्रोग्रामर मुलीने आग्रह धरला. तिचं म्हणणं एवढंच होतं की टूल, मटेरियल, कूलंट, सगळं बदलून झालं; न बदललेली एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे पोस्ट.

जॉब होता पॅकिंग मशीनचा ड्रम कॅम. (आमच्या धंद्यात यावरून कायम गोंधळ होतो. भागालाही कॅम म्हणायचं, टूलचा मार्ग काढणाऱ्या सॉफ्टवेअरलाही कॅम म्हणायचं. इथून पुढे भागाला मी नुसतं ड्रम म्हणतो.) बाहेरचा व्यास २६० मिमी, मटेरियल ईएन२४ पोलाद, आतून पोकळ. पृष्ठभागावर गोल फिरून स्वतःलाच येऊन मिळणारा ग्रूव्ह, म्हणजे खाच: ८ मिमी रुंद, ६ मिमी खोल. त्यात रोलर बसतो, ड्रम फिरला की रोलर डावी-उजवीकडे सरकतो. १२० अंश रोलर जागच्या जागी, पुढच्या ६० अंशांत ३८ मिमी सरकतो, पुन्हा १२० अंश स्थिर, पुन्हा ६० अंशांत परत. स्थिर भागाला डिझाइनवाले ड्वेल म्हणतात. तिथे ग्रूव्ह ड्रमभोवती सरळ पट्ट्यासारखा जातो.

मशीन साधं तीन अक्षांचं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं, कोडवर चालणारं मिलिंग मशीन), वर टेबलावर बसवलेली, जॉब फिरवणारी रोटरी, समोर दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक. कंट्रोल, म्हणजे कोड वाचून मशीन चालवणारा कॉम्प्युटर, फॅनक ०आय-एमडी. रफिंगला (सुरुवातीच्या जाड कापणीला) ६ मिमीची चार दातांची एंडमिल, ४००० आरपीएम, दर दाताला ०.०२ मिमी, म्हणजे फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ३२० मिमी. दर पासला दीड मिमी, चार पासमध्ये पूर्ण खोली. मग ८ मिमीच्या टूलने मधोमध एक फिनिशिंग पास. अशा ग्रूव्हमध्ये शेवटचं टूल रोलरच्याच मापाचं घ्यावं लागतं. लहान टूल दोन्ही भिंतींना घासून माप काढायला गेलं, तर वळणावर भिंत नेमकी बसत नाही. हे सगळं त्या मुलीने नीट केलं होतं. आकडे बघून मला कुठेच हरकत घेण्यासारखं दिसलं नाही. उलट ते जरा जपूनच घेतलेले होते.

आणि तरीही टूल मोडत होतं. दुसऱ्या पासला एक, दुसऱ्या पासलाच दुसरं, तिसऱ्याला तिसरं.

मशीनवर काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात. मामांनी मला पहिल्या पाच मिनिटांत जे सांगितलं, त्यात खरं तर सगळं उत्तर होतं; मला ते कळायला दुपार झाली. ते म्हणाले, "साहेब, टूल वळणावर मोडलं असतं तर मी समजलो असतो. हे सरळ जातंय तिथे मोडतंय. वळणात गेलं की उलट आवाज शांत होतो."

तिन्ही वेळा तसंच झालं होतं. मोडलेल्या जागा त्यांनी ड्रमवर मार्करने खूण करून ठेवल्या होत्या: तिन्ही खुणा ड्वेलमध्येच. वळणावर, जिथे ग्रूव्ह सुमारे ३० अंशांनी तिरका होतो आणि एक्स (ड्रमच्या लांबीच्या दिशेने सरकणं) व ए (रोटरीचं फिरणं) दोन्ही अक्ष एकदम चालतात, तिथे सगळं ठीक. फक्त रोटरी फिरते आणि बाकी सगळं स्थिर असतं, त्या सर्वांत सोप्या भागात टूल जात होतं.

दुसरी खूण शेठच्या बोलण्यात होती, आणि ती तक्रार म्हणून नाही, कौतुक म्हणून आली. "मशीन भारी आहे आपलं. सॉफ्टवेअर म्हणतं रफिंगला साडेदहा मिनिटं. इथे पहिला पास सव्वा मिनिटात." चार पास गुणिले सव्वा म्हणजे पाच मिनिटं. आता हे कानावर पडल्यावर कोणीही थांबायला हवं होतं. सॉफ्टवेअरने सांगितलेल्या वेळेपेक्षा मशीनला सहसा थोडा जास्तच वेळ लागतो. कोपऱ्यावर अक्ष मंदावतात, टूल बदलायला वेळ जातो. निम्म्या वेळात काम उरकणारं मशीन भारी नसतं, ते सांगितलेल्यापेक्षा जोरात पळत असतं.

थोडं पोस्टबद्दल

ज्यांचा याच्याशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी: कॅम सॉफ्टवेअर टूलचा मार्ग काढतं, पण तो मार्ग कोणत्याही एका मशीनचा नसतो. त्यात असतं, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, टूलची दिशा अशी, वेग इतका. हे मशीनला समजणाऱ्या जी-कोडमध्ये उतरवण्याचं काम पोस्ट करतो. नावातला 'पोस्ट' म्हणजे 'नंतरचा'. एमआयटीत डग्लस रॉस यांच्या गटाने बांधलेली एपीटी ही भाषा १९५९ मध्ये लोकांपुढे आली. तिच्यात मुख्य प्रोसेसर आधी टूलच्या जागा काढायचा आणि त्यानंतर प्रत्येक मशीनसाठी वेगळा प्रोग्राम त्यांचं त्या मशीनच्या कोडमध्ये रूपांतर करायचा. साठेक वर्षांत सॉफ्टवेअर बदललं, पंचकार्डं गेली, ही विभागणी तशीच राहिली.

जी-कोडला आयएसओ ६९८३ हे मानक आहे, १९८२ पासूनचं. पण मानकाने बरंच काही मशीन बनवणाऱ्यांवर सोडलं, त्यामुळे ही एक भाषा कमी आणि बोलींचा गठ्ठा जास्त. फॅनकच्या मिलिंगमध्ये जी९८ आणि जी९९ म्हणजे ड्रिलिंग सायकलनंतर टूल किती वर यायचं ते. त्याच कंपनीच्या लेथवर, नेहमीच्या कोड पद्धतीत, जी९८ म्हणजे मिनिटाला फीड आणि जी९९ म्हणजे फेऱ्याला फीड. दशांश टिंब राहून गेलं तर 'एक्स१०' हे १० मिमी की १० मायक्रॉन, ते मशीनच्या एका पॅरामीटरवर ठरतं. पोस्ट लिहिणाऱ्याचा बहुतेक वेळ अशा गोष्टींत जातो, आणि अशा चुका लगेच दिसतातही. अलार्म येतो, नाहीतर टूल भलतीकडे जातं.

आमच्या प्रकरणातली चूक या जातीची नव्हती. फाइल वाचली तर प्रत्येक ओळ शुद्ध. कोन वाढत्या क्रमाने होते. ३६० नंतर पोस्ट ३६०.५ लिहीत होता, परत शून्यावर उडी मारत नव्हता. म्हणजे रोटरी उलटी फिरून आख्खा ड्रम कापत येण्याची नेहमीची भीतीही नव्हती. वर एकदाच जी९४ (फीड मिनिटाच्या हिशेबात), एकदाच एफ३२० (एफ म्हणजे फीडचा आकडा). सिम्युलेशनमध्ये ग्रूव्ह देखणा.

हवेतली चाचणी

दुपारी मी शेठना म्हटलं, टूल काढू, ड्रम राहू द्या, पूर्ण रफिंग हवेत चालवू. फोनवर स्टॉपवॉच लावलं. पाच मिनिटांत संपलं. फीड ओव्हरराइड (फीड टक्क्यांनी कमी-जास्त करायची कळ) शंभरावर होता, मामांनी तो हलवला नव्हता. म्हणजे कौतुकाचा आकडा खरा होता.

मग एमडीआयमध्ये (कंट्रोलवर हाताने ओळ टाकून चालवायची सोय) एकच ओळ टाकली: जी९४ जी९१ जी१ ए३६०. एफ३६०. म्हणजे आहे तिथून ए अक्ष ३६० अंश फिरव, फीड ३६०. ड्रमच्या कडेला मार्करने एक रेघ मारली. रोटरी एक पूर्ण फेरा फिरली आणि घड्याळात बरोबर एक मिनिट झालं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. २६० मिमी व्यासाचा परीघ ८१७ मिमी. ती रेघ एका मिनिटात ८१७ मिमी चालली होती, आणि स्क्रीनवर फीड दिसत होता ३६०.

फॅनकसाठी जी९४ मध्ये रोटरी अक्ष एकटा हलला तर एफ म्हणजे मिनिटाला अंश. मिमी नाही. एक्स आणि ए एकदम हलले तर कंट्रोल अंशांना मिमीच समजतं, दोघांचा मिळून कर्ण काढतं आणि त्या कर्णाला एफ लावतं. हे काही गुपित नाही. फॅनकच्या मॅन्युअलमध्येच उदाहरण दिलेलं आहे: एक्स २० मिमी आणि बी ४० अंश, फीड ३००. तिथे सरळ २० चा वर्ग अधिक ४० चा वर्ग करून वर्गमूळ घेतलेलं आहे. कंट्रोलला ड्रमचा व्यास कोणी सांगितलेलाच नसतो, तर ते दुसरं करणार तरी काय.

आता हिशेब मांडू. २६० मिमी व्यासावर एक अंश म्हणजे २.२७ मिमी. ड्वेलमध्ये फक्त ए फिरतो, म्हणजे ३२० अंश मिनिटाला, म्हणजे पृष्ठभागावर ७२६ मिमी मिनिटाला. दाताला ०.०२ ऐवजी ०.०४५ मिमी चिप (कापून निघणारा कीस). ६ मिमीच्या टूलला दोन्ही बाजूंनी कोंडलेल्या स्लॉटमध्ये, ईएन२४ मध्ये, हे जास्त झालं. पहिल्या पासला चिप वरून उडून जाते, टूल कसंबसं तरतं. दुसऱ्या-तिसऱ्या पासला खोली वाढते, चिप अडकते, खटकन आवाज.

आणि वळणावर? ३० अंश तिरक्या भागात काही चाल एक्सवर जाते, आणि एक्सचे मिमी खरेच मिमी असतात. तिथे खरा फीड निघतो साधारण ५०९. तोही जास्तच, पण ७२६ पेक्षा बराच कमी. म्हणून मामांना वळणात आवाज शांत वाटत होता. त्यांच्या कानाने फीड मोजला होता. आम्ही सगळे मात्र वळण म्हणजे अवघड आणि सरळ म्हणजे सोपं, या समजुतीत बसलो होतो.

पण मग इतकी वर्षं कसं चाललं?

हा प्रश्न शेठनी विचारला, आणि तो रास्त होता. हाच पोस्ट, हेच मशीन, याच रोटरीवर चार वर्षं काम होत होतं. रोटरीवरच्या जुन्या जॉबची यादी मागवली. मुख्य जॉब एकच, सतत चालणारा: ११८ मिमी व्यासाचा एक रोलर, त्यावर तिरके ग्रूव्ह.

११८ मिमी व्यासावर एक अंश म्हणजे १.०३ मिमी.

३६० भागिले पाय म्हणजे ११४.६. बरोबर त्या व्यासावर एक अंश आणि एक मिमी यांत काही फरकच राहत नाही. ज्याने कोणी हा पोस्ट पहिल्यांदा लावला, त्याने तो या रोलरवर तपासला असणार. तीन टक्के फरक कोणाच्या लक्षात येणार? पोस्ट चुकीचा होता आणि जॉबचा व्यास योगायोगाने असा होता की चूक दिसू नये. मला अशा पोस्टची भीती वाटते. पहिल्याच दिवशी अलार्म देणारा पोस्ट परवडतो.

यादीत आणखी एक जॉब होता. ३६ मिमी व्यासाचा शाफ्ट, त्यावर फिरती ऑइल ग्रूव्ह. तिथे एक अंश म्हणजे जेमतेम ०.३१ मिमी. म्हणजे ३२० चा फीड मिळत होता १०० चा. टूल कधी मोडलं नाही, तक्रार आली नाही. फक्त तो जॉब "स्लो आहे" असं सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं, आणि टूलची धार लवकर जाते म्हणून दर महिन्याला जादा टूल मागवली जात होती. चिप कापायच्या ऐवजी टूल घासत बसलं की धार जाणारच. पण घासण्याचा आवाज खटकन येत नाही.

उपाय कोणता

तीन वाटा होत्या.

पहिली, कंट्रोलचीच सोय: जी०७.१, सिलिंड्रिकल इंटरपोलेशन. कंट्रोलला त्रिज्या सांगायची, मग ते फीड पृष्ठभागावर मोजतं. हाताने प्रोग्राम लिहिणाऱ्याला ही छान आहे. आमच्या अडचणी दोन. टूल ड्रमच्या ज्या त्रिज्येवर चालतं ती दर पासला बदलते, आणि या मोडमध्ये जी०० (टूलची झटपट चाल) किंवा ड्रिलिंग सायकल चालत नाही, त्यामुळे प्रत्येक उचलीच्या वेळी मोड बंद-चालू करत बसायचं. कॅम सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या मार्गासाठी ती जड जाते.

दुसरी, जी९४ तसाच ठेवायचा आणि पोस्टने प्रत्येक ओळीचा एफ नव्याने काढायचा. खरं अंतर आणि कंट्रोलला वाटणारं अंतर यांच्या गुणोत्तराने तो बदलायचा. हे चालतं. पण यात पोस्ट कंट्रोलच्या डोक्यातलं सूत्र गृहीत धरतो, आणि उद्या शेठ दुसऱ्या मेकचं कंट्रोल आणणार आणि हाच पोस्ट तिथे कॉपी होणार, हे मला पक्कं माहीत आहे. पोस्टच्या फाइली अशाच पसरतात, शेजाऱ्याकडून विरजण आणल्यासारख्या.

तिसरी, जी९३. यात एफ हा वेग नसतोच. एफ म्हणजे एक भागिले ही ओळ संपवायला लागणारी मिनिटं. एफ२ म्हणजे अर्धं मिनिट. अंश असोत, मिमी असोत, मिश्रण असो, कंट्रोलला काही देणंघेणं नाही. इतक्या वेळात तिथे पोच, बस. अंतराचा हिशेब पोस्टचा. पोस्टला त्रिज्या कळत असते, तेव्हा हा हिशेब त्याच्याकडेच शोभतो.

मशीनवर जी९३ आहे का, ते बघायला एमडीआयमध्ये टाकलं: जी९३ जी९१ जी१ ए१०. एफ२. दहा अंश फिरायला तीस सेकंद. आहे.

पोस्टमधला बदल तसा लहान. दर ओळीला: एक्समधला फरक, झेडमधला (वर-खालचा) फरक, आणि कोनातला फरक रेडियनमध्ये गुणिले त्रिज्या. तिघांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. हे खरं अंतर. मग ३२० भागिले अंतर म्हणजे एफ. पहिल्या पासला टूलचं टोक १२८.५ मिमी त्रिज्येवर असतं. अर्ध्या अंशाची ओळ १.१२ मिमीची होते, एफ येतो २८५.४. त्रिज्या मी टूलच्या टोकाची धरली, ड्रमच्या पृष्ठभागाची नाही. दोन्हींत जास्तीत जास्त पाच टक्क्यांचा फरक पडतो, तेवढ्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

पण यासाठी पोस्टला झेड रोटरीच्या अक्षापासून मिळायला हवा. मामांची सवय अशी की झेड शून्य जॉबच्या वर घ्यायचं. प्रोग्राममध्ये झेड -१.५ आला तर पोस्टला ती १.५ मिमीची त्रिज्या वाटेल आणि सगळा हिशेब कोसळेल. ठरलं ते असं: कॅममध्ये शून्य अक्षावरच, ग्रूव्हचा वरचा काठ झेड १३०. मामांनी पूर्वीसारखंच टूलचं टोक जॉबच्या वर टच करायचं, फक्त ऑफसेट पानावर शून्याऐवजी झेड१३०. टाकून मेझर दाबायचं. मामा म्हणाले, "एवढंच ना?" मी पोस्टमध्ये एक अट घातली की रोटरी चालू असताना त्रिज्या ५ मिमीच्या खाली दिसली तर फाइलच बाहेर पडू नये, संदेश यावा. सवयीवर विसंबून राहायला मला आवडत नाही, मामांच्या काय किंवा माझ्या काय.

नंतरच्या तीन ठेचा

पहिली ठेच पुन्हा ड्वेलमध्ये. हवेत चालवलं, ड्वेलच्या दुसऱ्याच ओळीला अलार्म ११: फीड दिलेला नाही. फाइल बघितली तर खरंच एफ नव्हता. प्रत्येक पोस्टला एक चांगली सवय लावलेली असते: मागच्या ओळीतलीच किंमत पुन्हा आली तर लिहू नको, फाइल लहान राहते. ड्वेलमध्ये सगळ्या ओळी अर्ध्या अंशाच्या, सगळ्यांचा एफ सारखा, म्हणून पोस्टने तो गाळला. जी९४ मध्ये हे योग्यच आहे. जी९३ मध्ये मात्र फॅनक एफ लक्षात ठेवत नाही, दर ओळीला तो मागतं. वळणावर प्रत्येक ओळीचं अंतर वेगळं, म्हणून तिथे अडचण आलीच नसती. माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट. जी९३ असेपर्यंत एफ सक्तीने लिहायचा, ही एक ओळ वाढवली.

दुसरी प्रोग्रामर मुलीने पकडली, मशीनवर जायच्या आधी, फाइल वाचताना. रफिंगनंतर ड्रमच्या कडेला एक स्पॉट ड्रिल (भोकाची जागा धरणारं छोटं ड्रिल) होतं. तिने विचारलं, "सर, इथे एफ१२० आहे, पण जी९४ कुठे परत आला?" आला नव्हता. जी९३ एकदा दिला की दुसरा कोड येईपर्यंत तोच राहतो. त्या मोडमध्ये एफ१२० म्हणजे एक भागिले १२० मिनिट, म्हणजे अर्धा सेकंद. ड्रिल १५ मिमी वरून खाली यायचं होतं. अर्ध्या सेकंदात १५ मिमी म्हणजे मिनिटाला १८०० मिमी, ठरलेल्याच्या पंधरापट. तिने ते वाचलं नसतं तर स्पॉट ड्रिल ड्रममध्ये रुतलं असतं आणि मला पुढचा फोन वेगळ्या सुरात आला असता. आता पोस्ट प्रत्येक रोटरी मार्गाच्या शेवटी, टूल वर घेतल्याबरोबर जी९४ लिहितो, प्रत्येक टूल बदलाच्या सुरुवातीला पुन्हा लिहितो, आणि प्रोग्रामच्या पहिल्या सुरक्षा ओळीतही लिहितो. तीनदा लिहिण्याची गरज नाही हे मला माहीत आहे.

तिसरी ठेच बारीक होती, आणि ती कापताना दिसली. ग्रूव्हमध्ये टूल उतरतं तिथे भिंतीवर एक फिकट पट्टा, नखाला लागेल इतकाच. उतरणीच्या भागात कॅम सॉफ्टवेअरने खूप जवळजवळ बिंदू काढले होते, काही ओळी तर ०.०१ मिमीच्या. ३२० भागिले ०.०१ म्हणजे एफ ३२०००. पोस्टच्या एफच्या रचनेत टिंबाआधी चारच अंक, तेव्हा तो ९९९९.९ वर अडकत होता. त्या ओळींवर खरा फीड मिनिटाला १०० मिमी. टूल तिथे तेवढं क्षणभर घासत होतं. मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा मार्गाची टॉलरन्स (किती फरक चालेल ती मर्यादा) सैल केली आणि पोस्टमध्ये ०.०५ मिमीपेक्षा लहान ओळी पुढच्या ओळीत मिसळल्या. सर्वांत मोठा एफ आता ६४०० होतो. पट्टा गेला.

एक गोष्ट मी आधीच टाळली होती, ती सांगून ठेवतो. जी९३ मध्ये गोलाई, म्हणजे जी०२-जी०३, मी पोस्टला लिहूच देत नाही, तिचे सरळ तुकडे करतो. फॅनक गोलाईसाठी एफ काढताना अंतराऐवजी त्रिज्या धरतं. फीड भागिले त्रिज्या. दुसरी कंट्रोलं असं करतीलच असं नाही. एका मशीनवर बरोबर चाललेली फाइल दुसऱ्यावर शांतपणे चुकीच्या वेगाने धावेल, आणि आपण नुकतंच त्याच आजारातून उठलो आहोत.

काय झालं

ड्रम एकही टूल न मोडता पूर्ण झाला. रफिंगला लागली साडेदहा मिनिटं, सॉफ्टवेअरने सांगितली तेवढीच. शेठच्या कपाळावर आठी आली. त्यांच्या डोक्यात पाच मिनिटांचा दर बसलेला होता, जरी त्या पाच मिनिटांत एकही ड्रम पूर्ण झाला नव्हता. मामांनी दुसऱ्या ड्रमला ओव्हरराइड हळूहळू १२० पर्यंत नेला, आवाज ऐकला, चिप हातात घेऊन बघितली आणि तिथेच ठेवला. कॅममध्ये फीड ३८० केला. आता तो आकडा खरोखर ३८० आहे, त्यामुळे वाढवायचा की नाही यावर निदान बोलता येतं.

११८ चा रोलर पुन्हा पोस्ट केला, काही फरक पडला नाही, पडायचा नव्हताच. ३६ चा शाफ्ट पोस्ट केला तेव्हा मी मुद्दाम थांबलो. मामांनी स्टार्ट दाबलं आणि रोटरी पूर्वीच्या तिप्पट वेगाने फिरायला लागली, तसा त्यांचा हात आपोआप फीड होल्डकडे, म्हणजे मशीन थांबवायच्या बटणाकडे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला. १९ मिनिटांचा जॉब ८ मिनिटांत बाहेर आला, ग्रूव्हच्या तळाला आता चकाकी होती.

शेठ शाफ्ट हातात फिरवत राहिले. पार्टीला चार वर्षं १९ मिनिटांनी दर लावला होता. "हे त्यांना सांगावं लागेल का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते पोस्टमध्ये येत नाही.